शनिवारचे तीन तास

अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना पैसे मिळावेत की नाही, या चर्चेचं गुऱ्हाळ वर्षानुवर्षं चालू आहे. ६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या विद्यापीठांच्या संघटनेवर भरलेल्या 'हाऊस विरुद्ध एनसीएए' खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि चर्चेला पुन्हा जोर चढला. एक बाजू म्हणते, पोरांना फुकटात पदवी मिळते, आणखी काय द्यायचं? दुसरी म्हणते, अब्जावधींचा धंदा त्यांच्या अंगमेहनतीवर उभा आहे, बाजारभावानं पैसे मोजा. दोघंही हिरिरीनं भांडतात, पण ज्या प्रश्नावर भांडतात त्याचा निकाल लागून गेला आहे. पैसे द्यायला सुरुवात झाली आहे. तडजोडीनुसार १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं आपल्या तिजोरीतून खेळाडूंना थेट रक्कम देऊ शकतात. पहिल्या वर्षाची (२०२५-२६) मर्यादा होती दर विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. शिवाय २०१६ पासूनच्या खेळाडूंना बुडालेल्या कमाईपोटी दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे आहेत. उरला आहे तो याहून अवघड प्रश्न: या पैशामागचा करार कोणी आणि कोणासमोर बसून लिहायचा?

माझं मत स्पष्ट आहे. ज्या खेळांचे सामने विद्यापीठं टीव्हीला विकतात, त्या खेळांतल्या खेळाडूंना विद्यापीठाचे कर्मचारी मानावं, त्यांना संघटना करू द्यावी, आणि पगार, तास, दुखापत, विद्यापीठ बदलणं हे सगळं त्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरवावं. नुसती रक्कम वाढवून हा अन्याय मिटणार नाही, कारण तो मुळात रकमेचा नाही.

एनसीएएचा तासांचा नियमच घ्या. हंगामात खेळाडूला दिवसाला ४ आणि आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची, असं नियम सांगतो. मोजणी कशी होते ते मात्र बघायला हवं. प्रवास मोजत नाहीत. फिजिओकडचे उपचार, घोट्याला टेप बांधून घेणं, बर्फाच्या पाण्यात बसणं मोजत नाहीत. 'ऐच्छिक' व्यायाम मोजत नाहीत, आणि ऐच्छिक व्यायामाला कोण आलं नाही हे संघात कधी लपत नाही. सामन्याचा दिवस तर कितीही लांबला तरी सरसकट ३ तास धरतात. परगावचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असेल तर संघ शुक्रवारी दुपारी निघतो, विमानानं जातो आणि हॉटेलात उतरतो. शनिवारी सकाळी न्याहारी, मग डावपेचांची उजळणी, टेपिंग, स्टेडियमकडे बस. सामना दुपारी बाराला की रात्री साडेसातला, हे वाहिनी ठरवते, तेही बऱ्याचदा बारा किंवा सहाच दिवस आधी. सामनाच तीन तासांच्या वर जातो. परतीचं विमान उतरेपर्यंत रविवार उजाडायला आलेला असतो. या सगळ्याची नोंद होते: ३ तास. एवढ्या वेळात इंजिनिअरिंगची प्रयोगशाळा बुडाली, सोमवारची परीक्षा डोक्यावर आली, तर तो खेळाडूचा प्रश्न. हा हिशेब कोणी ठरवला? विद्यापीठांनी एकत्र बसून. ज्याचे तास मोजले जातात त्याला कोणी विचारलं? कोणीच नाही. दर खेळाडूला उद्या दीड लाख डॉलर दिले तरी शनिवार तीन तासांचाच राहणार.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या खासगी विद्यापीठात शिकवणी शुल्क, खोली, जेवण, पुस्तकं धरून वर्षाला ८० ते ९० हजार डॉलर लागतात. चार वर्षांचा आकडा तीन लाखांच्या पुढे जातो. घरावर कर्ज काढून मुलाला एमएसला पाठवणाऱ्या घराला हा आकडा काय असतो ते सांगायला नको. ही खरीच मोठी गोष्ट आहे, आणि तिला किरकोळ म्हणणारे लोक खेळाडूंच्या बाजूचं नुकसानच करतात.

पण त्याच एमएसवाल्या मुलाचं उदाहरण पुढे नेऊ. त्याला टीए किंवा आरए, म्हणजे अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाची जागा, मिळाली की शुल्क माफ होतं आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं. शुल्कमाफी मिळाली आहे, आता विद्यावेतन कशाला, असं आपण त्याला म्हणतो का? तो शिकतोही आणि कामही करतो, हे सगळ्यांना सहज पटतं. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळानं कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात अशा विद्यार्थ्यांना कर्मचारी मानलं. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४८ हजार शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला आणि पगारवाढ मिळवली. विद्यापीठ बुडालं नाही, संशोधनाची शुचिता गेली नाही. स्टेडियमवर पॉपकॉर्न विकणारा, तिकीट फाडणारा विद्यार्थी तासाच्या दरानं कर्मचारी असतो. संगीत विभागातली मुलगी बाहेर मैफल करून बिदागी घेऊ शकते आणि तिची शिष्यवृत्ती जात नाही. एवढ्या मोठ्या आवारात ज्याच्यामुळे स्टेडियम भरतं तो एकटाच 'फक्त विद्यार्थी' कसा?

आणि ज्या शिक्षणाला मोबदला म्हणतात तेही तपासून पाहावं लागेल. १९७३ पासून क्रीडा शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा परत यायला २०१२ उजाडलं. मधल्या चाळीस वर्षांत कोचच्या मनातून उतरलेल्या किंवा गुडघा गेलेल्या मुलाची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू ठेवण्याचं बंधन विद्यापीठावर नव्हतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १८ वर्षं तास न होणारे वर्ग चालले. एक पेपर लिहून द्यायचा आणि श्रेणी घ्यायची. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० विद्यार्थी त्यातून गेले आणि त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. २०१७ मध्ये एनसीएएनं यात आपला नियम मोडलेला दिसत नाही म्हणून कारवाई केली नाही. त्याच एनसीएएच्या नियमपुस्तकात एके काळी खेळाडूला मधल्या वेळी बेगल नावाचा पाव द्यायला परवानगी होती, त्यावर चीज लावून द्यायला नव्हती. २०१४ साली कनेक्टिकटचा शबाझ नेपियर, ज्यानं त्या वर्षी संघाला राष्ट्रीय बास्केटबॉल अजिंक्यपद मिळवून दिलं, पत्रकारांना म्हणाला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच जेवणावरची मर्यादा उठवण्याचा निर्णय झाला. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. राग येतो तो आवळा लहान आहे म्हणून नव्हे. आवळ्याचं वजन, भाव आणि वाटप सगळं एकाच बाजूनं ठरतं म्हणून येतो.

हे असं का झालं याचं उत्तर एका शब्दात आहे: 'स्टुडंट-ॲथलीट'. वाटतो निरागस, पण हा शब्द घडला नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या भीतीतून. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. तो लष्करात नोकरी करून आलेला, बायको आणि मुलं असलेला माणूस होता. त्याच्या पत्नीनं कामगार नुकसानभरपाईचा दावा केला. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला, कारण कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही आणि त्याला या खेळातून लाभ होत नाही. याच काळात एनसीएएचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी हा शब्द रूढ केला आणि सगळ्या नियमांत, पत्रकांत तो घालायला लावला, म्हणजे खेळाडू नोकर ठरण्याची वाट बंद व्हावी. निवृत्तीनंतर बायर्स यांनीच हे कबूल केलं आणि आपण उभारलेल्या व्यवस्थेविरुद्ध लिहिलं. १९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्धच्या सामन्यात जखमी होऊन मानेखाली लुळा पडला. तो कर्मचारी नव्हता, म्हणून भरपाईला पात्र नाही, असा निर्णय टेक्सासच्या अपील न्यायालयानं २००० साली दिला. कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही, हे वाक्य आज कोणी गंभीरपणे उच्चारू शकेल का? एकट्या मार्चमधल्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण कराराची २०१६ मधली मुदतवाढ आठ वर्षांसाठी ८८० कोटी डॉलरची आहे.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पैसा आला की खेळातला जीव जातो, आपल्या कॉलेजसाठी जीव टाकणारा पोरगा आणि भाडोत्री खेळाडू यांत फरक उरत नाही, असं म्हणणारे ढोंगी नाहीत. पण हौशीपणाचा इतिहास त्यांच्या बाजूनं बोलत नाही. अमेरिकेत आंतरविद्यापीठ खेळाची सुरुवात १८५२ मधल्या हार्वर्ड-येल नौकाशर्यतीनं झाली, आणि तिचा खर्च प्रवासी मिळावेत म्हणून एका रेल्वे कंपनीनं उचलला होता. हौशीपणाची कल्पना आली ती इंग्लंडमधून, आणि तिथे ती वर्गभेदाची भिंत होती. १९६२ पर्यंत इंग्लिश क्रिकेटमध्ये 'जंटलमन' आणि 'प्लेअर' अशा दोन जाती होत्या. जंटलमनची आद्याक्षरं धावफलकावर आडनावाच्या आधी लिहीत, पगारी खेळाडूची नंतर. १९५० साली लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस या तरुण पगारी गोलंदाजाची आद्याक्षरं चुकून आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून जाहीर दुरुस्ती करण्यात आली. डब्ल्यू. जी. ग्रेस जन्मभर 'हौशी' म्हणवले गेले. १८९५ च्या एका हंगामात त्यांच्यासाठी ९ हजार पौंडांहून जास्त निधी जमला. पगारी खेळाडूनं वर्षानुवर्षं घाम गाळून जे मिळवलं नसतं ते हौशी माणसाला एका उन्हाळ्यात मिळालं.

ही भिंत पुण्यातही होती. दलित समाजातले क्रिकेटपटू पळवणकर बाळू पुण्याच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाचं काम करत आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकत. त्यांच्या हातात तिथे बॅट दिली गेली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळालं नाही. ज्याला पोटासाठी खेळावं लागतं त्याचा खेळ कमी पवित्र, ही समजूत ज्यांना पोटाची चिंता नव्हती त्यांनी घडवली. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी रग्बी युनियन सोडली ती याच भांडणावरून. शनिवारी सामना असला की खाणकामगाराचा अर्ध्या दिवसाचा पगार बुडायचा, तो भरून द्यावा एवढीच मागणी होती. युनियननं ती धुडकावली आणि स्वतः व्यावसायिक व्हायला १९९५ साल आणलं, बरोबर शंभर वर्षांनी. यातला कोणता खेळ पैशानं मेला? लॉर्ड्स भरतंच आहे. ऑलिंपिकनं १९८० च्या दशकात हौशीपणाची अट सैल केली, त्यानंतर बघणारे वाढलेच. २१ जून २०२१ रोजी 'ॲल्स्टन' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ९ विरुद्ध ० मतांनी एनसीएएची शिक्षणविषयक लाभांवरची बंधनं रद्द केली. त्यानंतरच्या जुलैपासून खेळाडू जाहिरातींतून कमवू लागले, तरी कॉलेज फुटबॉलचे प्रक्षेपण करार वाढतच गेले.

तिसरा आक्षेप हिशेबाचा. बहुतेक क्रीडाविभाग तोट्यात आहेत. खर्चापेक्षा जास्त कमावणारी विद्यापीठं दोन-तीन डझनांच्या पुढे जात नाहीत, बाकीच्यांचा खड्डा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरला जातो. हे खरं आहे. पण नफा वाटायला भागधारक नसले की आलेला पैसा कुठेतरी खर्चच होतो, आणि कुठे होतो ते उघड दिसतं. बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा कोच असतो. अलाबामाचे निक सेबन शेवटच्या काळात वर्षाला १ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास घेत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं कोच जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा उरलेल्या कराराची किंमत साडेसात कोटी डॉलरच्या वर होती. काम न करण्यासाठी ही रक्कम. क्लेमसन विद्यापीठानं साडेपाच कोटी डॉलर खर्चून फुटबॉल संघासाठी इमारत बांधली, तीत घसरगुंडी आहे आणि छोटं गोल्फचं मैदान आहे. खेळाडूला पगार देता येत नव्हता म्हणून त्याला भुलवायला घसरगुंडी बांधली. ज्या विभागाला घसरगुंडी परवडते त्याला वेतन परवडत नाही, हे कसं मानायचं? आणि ज्या छोट्या कॉलेजांना खरंच परवडत नाही, जिथे सामना विकला जात नाही आणि शिष्यवृत्तीही नाही, तिथे खेळाडूला कर्मचारी म्हणण्याचं कारणच नाही. जुलै २०२४ मध्ये 'जॉन्सन' खटल्यात तिसऱ्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयानं कसोटी घालून दिली ती अशी: काम दुसऱ्यासाठी आहे का, मुख्य फायदा त्या दुसऱ्याचा आहे का, नियंत्रण त्याचं आहे का, आणि बदल्यात उघड किंवा गर्भित मोबदला आहे का. रविवारी हौसेनं फ्रिस्बी खेळणारा गट या कसोटीत कर्मचारी ठरत नाही. मोठ्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ चारही अटींत बसतो.

चौथा आक्षेप मला खरोखर अडवतो, त्यामुळे त्यावर जरा थांबतो. अमेरिकेचे बरेचसे ऑलिंपिक खेळाडू कॉलेजांतून तयार होतात, आणि पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, टेनिस या संघांचा खर्च फुटबॉलच्या उत्पन्नातून निघतो. फुटबॉलपटूंना वाटा दिला की कात्री या संघांना लागते. ही भीती काल्पनिक नाही. तडजोडीत शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघातल्या एकूण खेळाडूंवर मर्यादा आली, फुटबॉलसाठी १०५. त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय संघात असलेल्या अनेक मुलांना मंजुरीच्या आधीच नारळ मिळाला. न्यायाधीश विल्कन यांनी एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी अडवून धरली ती याच मुद्द्यावर, आणि अशा मुलांना मर्यादेबाहेर सामावण्याची सोय करून घेतली. मुलींचा प्रश्न याहून गंभीर आहे. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींच्या संघांना जागा मिळाली. आता वाटपाचं जे प्रमाण सर्रास चाललं आहे ते फुटबॉलला ७५ टक्के, पुरुष बास्केटबॉलला १५, महिला बास्केटबॉलला ५, उरलेल्या सगळ्यांना मिळून ५. आकडेमोड करा: फुटबॉलपटूला सरासरी १ लाख ४६ हजार डॉलर, पंधरा जणांच्या पुरुष बास्केटबॉल संघात दर खेळाडूला २ लाख ५ हजार, महिला बास्केटबॉलमध्ये ६८ हजार. हे वाटप टायटल नाइनखाली येतं, असं शिक्षण खात्यानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आणि सरकार बदलल्यावर फेब्रुवारीत ते मागे घेतलं.

तरीही या आक्षेपाच्या तळाशी काय आहे ते बोललं पाहिजे. डोक्याला मार खाणारी, मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय आणि बऱ्याचदा गरीब घरची मुलं जे कमावतात, त्यातून नौकानयन, गोल्फ, टेनिस, तलवारबाजीचे संघ चालतात, आणि त्या संघांत येणारी मुलं बहुतकरून सुस्थितीतली असतात. लहानपणापासून खासगी कोच, क्लबची फी, गावोगावच्या स्पर्धांचा प्रवास ज्यांना परवडला त्यांचीच ही मुलं. न्यू जर्सी, टेक्सास, बे एरियातली अनेक मराठी घरंही आता यात आहेत. मुलीला टेनिसवर प्रवेश मिळाला तर आनंदच आहे. पण आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे धोरण म्हणून कसं चालेल? देशाला ऑलिंपिक पदकं हवी असतील तर त्याचा खर्च देशानं करावा. अमेरिकेचं केंद्र सरकार आपल्या ऑलिंपिक समितीला नियमित अनुदान देत नाही, ती जबाबदारी न बोलता एकोणीस वर्षांच्या फुटबॉलपटूच्या खांद्यावर टाकलेली आहे. शिवाय छोट्या खेळांवर घाव घातला तो पगारानं नव्हे, टीव्हीच्या हव्यासानं. ऑगस्ट २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी विद्यापीठं 'बिग टेन' या परिषदेत, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, गेली, ज्यात न्यू जर्सीचं रटगर्स आहे. स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत गेली. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी म्हणजे मुंबई ते सिंगापूरइतकं अंतर. फुटबॉलच्या हक्कांसाठी हा करार झाला आणि व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्याच्या मधल्या दिवशी ते अंतर कापू लागल्या. त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. संघटना असती तर निदान टेबलावर हा प्रश्न आला असता.

पाचवा आक्षेप आजच्या गोंधळाचा. खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलतात, देणगीदारांचे गट बोली लावतात. तोंडी शब्दावर मुलं येतात आणि चिडून जातात. २०२४ च्या सप्टेंबरात लास व्हेगासमधल्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे फुटबॉल संघाचा डाव चालवणारा मुख्य खेळाडू, संघ सलग तीन सामने जिंकलेला असताना निघून गेला. कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत असं त्याच्या बाजूचं म्हणणं, आणि असा करारच नव्हता असं समोरच्यांचं. गोंधळ आहे, मान्य. पण तो पैशामुळे झाला की करार नसल्यामुळे? व्यावसायिक फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये याहून कितीतरी जास्त पैसा आहे. तिथे पगाराला वरची मर्यादा आहे, नवा खेळाडू कोणत्या संघात जाणार हे ड्राफ्ट ठरवतो, मुदत संपेपर्यंत संघ सोडता येत नाही. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ही सगळी बंधनं एरवी बेकायदा ठरली असती. ती टिकतात कारण खेळाडू संघटनेनं वाटाघाटी करून, बदल्यात काहीतरी घेऊन, ती मान्य केली आहेत. मालकांनी एकतर्फी लादलं की तेच बंधन कट ठरतं, आणि दोघांनी सही केली की करार. एनसीएए खटल्यामागून खटले हरते त्याचं कारण एवढंच आहे. पहिल्या वर्षाची २ कोटी ५ लाखांची मर्यादाही एकतर्फीच होती. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक जाहिरात करार 'एनआयएल गो' या तपासणी यंत्रणेकडे पाठवायचा, हा नियमही तसाच. त्यालाही कोणीतरी आव्हान देणार.

यावर विद्यापीठांनी शोधलेला उपाय म्हणजे काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मागणं. जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या 'स्कोर' विधेयकात ती सूट आहे आणि खेळाडू कर्मचारी नाहीत अशी तरतूदही आहे. बेसबॉलला अशी सूट १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिली होती. तिच्या आडोशानं मालकांनी खेळाडूंना आयुष्यभर एकाच क्लबाला जखडून ठेवलं, आणि ते बंधन १९७५ मध्ये सुटलं ते संघटनेनं लवादाकडे नेल्यावर. त्या वेळीही खेळ बुडणार अशी हाकाटी झाली होती.

कर्मचारी ठरण्याचे व्यावहारिक परिणाम कमी बोलले जातात. आज हे पैसे स्वतंत्र कंत्राटदाराच्या फॉर्मवर येतात. म्हणजे कर कापून मिळत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलानं स्वतः एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला अंदाजे कर भरायचा, शिवाय स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर. पहिल्या वर्षी हे कळेपर्यंत गाडी घेऊन झालेली असते आणि एप्रिलात बिल येतं. पगारपत्रकावर घेतलं की कर आधीच कापला जातो. दुखापतीचंही तसंच. एनसीएएचा गंभीर दुखापतींचा विमा ९० हजार डॉलरच्या वरच्या खर्चालाच लागू होतो. ऑगस्ट २०२४ पासून खेळ संपल्यावर दोन वर्षं उपचार देण्याची हमी आली, ही चांगली सुधारणा. पण पंचविशीत दिलेला गुडघा चाळिशीत बोलतो, आणि कामगार नुकसानभरपाईचा कायदा त्याच्यासाठीच असतो. शिष्यवृत्तीवर कर लागेल ही भीती खोटी नाही, मात्र पदवीधर साहाय्यकांच्या शुल्कमाफीला कायद्यानं अशी सूट दिलेलीच आहे, तीच ओळ वाढवता येते. परदेशी मुलांचं काय? एफ-१ व्हिसावरच्या खेळाडूला आवाराबाहेर जाहिरातीचं काम करता येत नाही. कॅन्ससमध्ये उंच उडीत २०१८ आणि २०२२ चं राष्ट्रीय कॉलेज अजिंक्यपद जिंकलेल्या तेजस्विन शंकरसारखी मुलं या पैशाच्या बाहेरच राहतात. आवारातली विद्यापीठाची नोकरी मात्र त्याच व्हिसावर आठवड्याला २० तासांपर्यंत चालते.

अडचणी आहेत. कामगार मंडळाचा अधिकार सरकारी विद्यापीठांवर चालत नाही. २०१५ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंचा अर्ज मंडळानं निकाली काढला त्यामागे हेही कारण होतं. दोन्ही कॅरोलायना राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक करार करायलाच बंदी आहे. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघानं १३ विरुद्ध २ मतांनी संघटना निवडली आणि डिसेंबरअखेर, मंडळाची रचना बदलणार हे दिसल्यावर, अर्ज मागे घेतला. म्हणून काँग्रेसला काही करायचंच असेल तर सूट देणारा कायदा नको. सरकारी-खासगी सगळ्या विद्यापीठांच्या खेळाडूंना परिषदेच्या पातळीवर वाटाघाटींचा हक्क देणारा कायदा हवा. तो झाला की पहिलं कलम लिहायला वकिलांचा ताफा लागणार नाही. शुक्रवारी बस आवारातून निघाली ती वेळ टिपायची, रविवारी पहाटे परत आली ती वेळ टिपायची, आणि मधले तास जितके भरतील तितके मोजायचे.